वयनीची दुसरी सही

सुहासिनी वयनींसमोर कुणाची निंदा करायची असेल तर चांगली तयारी करून जावं लागतं. आमच्या गोव्यातल्या पार्से गावच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की बायका पाव घ्यायला रस्त्यावर येतात आणि गरम पावांबरोबर गरम बातम्यांचीही देवाणघेवाण होते. पूर्वी हा कार्यक्रम मस्त रंगायचा. आता वयनी पिशवी हलवत येताना दिसल्या की बोलणारीचा आवाज आपोआप खाली येतो.

"खालच्या घरच्या सुनेन म्हणे घोवाक घराभायर काढलान," अशी कुणी सुरुवात केलीच, तर वयनी शांतपणे विचारतात, "तू सोता बघलंस, काय आयकलंस?"

"आयकलंय. शेजारणीन सांगलान."

"शेजारणीन बघलान?"

"नाय. तिका तिच्या जावेन सांगलान."

"म्हणजे ह्या दुय्यम साधनसुद्धा नाय," वयनी निकाल देतात. "आनी तुझ्या शेजारणीचा त्या सुनेशी बांधावरसून भांडण असा. सांगणाऱ्याचो हेतू काय, ता पयला बघूक होया."

एवढं झाल्यावर कुणाला पुढे बोलायचा धीर होत नाही. पाव घेऊन सगळ्या मुकाट्याने घरी जातात. एकटा पोदेर तेवढा खूश आहे. हल्ली त्याचा आमच्या वाड्यावर फुकट वेळ जात नाही.

हा सगळा प्रताप इतिहासाचा. वयनी आमच्या शेजारच्या आपांच्या पत्नी. आपांची डोंगरावर काजूची बाग, खाली माडांचं भाट. मुलगी लग्न होऊन साळगावला गेली, मुलगा पुण्याला नोकरीला. वयनी पन्नाशीला टेकलेल्या. मी पेडण्याला एका सरकारी कचेरीत कारकून आहे आणि रोज स्कूटरने जातो. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये एकदा वयनी आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "सदा, माका सकाळी पेडण्याक व्हरशीत?"

"बाजारात?"

"कॉलेजात."

मला वाटलं, कुणा भाच्याचा डबा पोचवायचा असेल. तर वयनी म्हणाल्या, "माका अ‍ॅडमिशन गावली. हिस्टरी मेजर."

दुसऱ्या दिवशी वाड्यावर बातमी फिरली की वयनी मेजर झाली. वयनींचा साधनांचा अभ्यास अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे ही बातमी कुणी तपासली नाही आणि पोरंटोरं त्यांना रस्त्यात सॅल्यूट ठोकू लागली. वयनीही हसून सॅल्यूट परत करायच्या.

इतिहास घेऊन करणार काय, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही ते सांगा. किराणावाल्याने विचारला, देवळातल्या भटजींनी विचारला, वयनींच्या मुलाने पुण्याहून फोन करून विचारला आणि वर, "त्यापेक्षा कॉम्प्युटर तरी शीक," असा सल्ला दिला. आपांनी मात्र काही विचारलं नाही. आपा म्हणजे "हूं". जेवण झालं का, हूं. माडाला कीड लागली, हूं. जावई आले, हूं. वयनींनी कॉलेजचं सांगितलं तेव्हाही ते हूं म्हणाले. तो होकाराचा हूं की नकाराचा, यावर वयनींनी थोडा विचार केला आणि सरळ फी भरून टाकली.

मला त्यांनी दिलेलं उत्तर वेगळं होतं. "माका कळूक होया," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जा झाला, ता कित्या झाला."

वयनींचं माहेर पाळीला, डिचोलीच्या खाणपट्ट्यात. बारावीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. तो बारावीचा दाखला त्यांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून साड्यांच्या तळाशी इतकी वर्षं जपून ठेवला होता. प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या शिपायाने त्यांना, "पालकांनी भायर बसप," असं सांगितलं. वयनी बाहेर बसल्या, आणि बाहेरूनच खिडकीतून हात घालून स्वतःचा दाखला आत दिला.

तेव्हापासून माझी स्कूटर म्हणजे फिरतं विद्यापीठ झालं. पार्से ते पेडणे हा रस्ता तसा लहानच, पण त्या रस्त्यावर मी साम्राज्यं उठताना आणि बसताना ऐकली आहेत. मागून वयनींचा आवाज यायचा, "सदा, रशियात क्रांती कित्या झाली, म्हायत असा?"

"नाही, वयनी."

"पाव नाय होतो. बायको थंडीत पावाच्या रांगेत उभ्यो. आमचो पोदेर एक दीस नाय इलो तर आमी कितकी बडबड करतंव? आनी थंय रोजचाच. राजाक कोणी तरी सांगूक होया होता रे!"

शेवटचं वाक्य त्या इतक्या कळवळून म्हणाल्या, की मलाच वाटलं आपण त्या राजाला फोन करायला हवा होता. एकदा तर मागून हुंदके ऐकू येऊ लागले. मी घाबरून स्कूटर बाजूला घेतली. वाटलं, माहेरचं कुणी गेलं की काय. वयनींनी हेल्मेटची काच वर केली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बंगालचो दुष्काळ." त्या दिवशी मला कचेरीत पोचायला उशीर झाला. साहेबांनी कारण विचारलं. मी टायर पंक्चर सांगितलं, कारण खरं कारण कोणत्याच रकान्यात बसणारं नव्हतं.

तारखा मात्र वयनींच्या डोक्यात अजिबात राहत नसत. त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. "तारीख भटजीक विचार," त्या म्हणत, "माका कारण विचार." आणि कारणं विचारायची सोय नव्हती, कारण ती दोन निघत: एक तात्कालिक आणि एक मूळ. वाड्यावरचे दोन भाऊ गेली कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. एकाच्या माडाचा नारळ दुसऱ्याच्या कौलांवर पडला, त्यावरून भांडण. वयनी एके दिवशी धाकट्याच्या ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "नारळ ह्या तात्कालिक कारण. मूळ कारण, वाटणी करताना तुझ्या बापाशीन बांय तुका दिलान आनी थोरल्याक विचारूकच नाय. तो नारळासाठी भांडना नाय. तो बापाशीशी भांडता, पण बापूस गेलो." संध्याकाळी मी पाहिलं, थोरल्याच्या बायकोची घागर त्या बांयवर, धाकट्याच्या विहिरीवर होती. मी सरकारी नोकरीत किती अर्ज, तक्रारी आणि पंचनामे पाहिले असतील, पण भांडणाच्या मुळाशी असं हात घालून पोचलेलं माणूस पाहिलं नव्हतं. मला त्या बाईचा धाकच बसला म्हणा ना.

वर्गात बाकीची मुलं त्यांच्या मुलीपेक्षाही लहान. ती त्यांना काकी म्हणत, त्यांच्या नोट्स झेरॉक्स करत आणि त्यांच्या डब्यातल्या पातोळ्या परीक्षेच्या ताणाने खात. एकदा सगळा वर्ग हळर्णच्या किल्ल्यावर गेला. मुलं तटावर चढून फोटो काढत होती. वयनी मात्र पदर खोचून आवारभर फिरत होत्या. त्यांचे सर तरुण आणि सरळ मनाचे. त्यांनी विचारलं, "काकी, काय शोधता?"

"रांधण," वयनी म्हणाल्या. "इतकी माणसां हय ऱ्हवत, ती जेवत खंय?"

सरांनाही सुचलं नव्हतं. मग सर आणि वयनी दोघंही चुलीच्या काळ्या दगडासाठी गवतातून हिंडले. सापडलं काहीच नाही. सर म्हणाले, "पुरावा नाही." वयनी म्हणाल्या, "पुरावो नाय गावलो म्हणान लोक उपाशी नाय ऱ्हवले, सर." सरांनी हे वाक्य दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं. हे मला वयनींनी नाही, वर्गातल्या मुलीने सांगितलं. तिने ते स्वतः पाहिलं होतं, म्हणून मीही खात्रीने सांगतो.

शेवटच्या वर्षी प्रकल्प लिहायचा होता. कुणी देऊळ घेतलं, कुणी किल्ला. वयनींनी विषय घेतला, आमच्या वाड्यावरच्या बायकांची लग्नाआधीची नावं. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो. मग सगळे टाळ्या वाजवतात, तांदूळ गोळा होतात आणि जुनं नाव त्या दिवसापासून बंद. "देवळाचो इतिहास लिवतले, किल्ल्याचो लिवतले," वयनी म्हणाल्या. "ह्या तांदळाखाली गेलेल्या नावांचो कोण लिवतलो?"

आणि त्या घरोघर निघाल्या. काय एकेक गंमत! एक म्हातारी नाव सांगताना इतकी हसली की तिची कवळी निघाली. एकीने आधी सून घरात नाही ना याची खात्री करून घेतली, दार लोटलं आणि कानात सांगितलं. एकीला तर आठवेचना. ती दिवसभर कासावीस होती. तिन्हीसांजेला धावत वयनींच्या दारात आली आणि अंगणातूनच ओरडली, "कृष्णाबाय! कृष्णाबाय होता गो!"

आमच्या घरी वयनी आल्या तेव्हा मी जेवत होतो. त्यांनी माझ्या आईला विचारलं. आई पदराशी चाळा करत म्हणाली, "चंपा."

माझा घास हातातच राहिला. "आये, तू चंपा?"

"लग्नाआदी," आई म्हणाली आणि लाजून आत गेली.

जन्मापासून ज्या बाईच्या हातचं जेवतो आहे तिचं नाव मला त्या दिवशी कळलं. रात्री झोपताना मी ते दोन-तीनदा मनात म्हणून पाहिलं. वयनींच्या प्रकल्पाला किती गुण मिळाले मला ठाऊक नाही. माझ्याकडून त्यांना पैकीच्या पैकी.

परीक्षा झाली. वयनी चांगल्या पास झाल्या. पण पदवीचा कागद कॉलेजने अडकवून ठेवला. झालं होतं असं, की बारावीचा दाखला माहेरच्या नावाचा, म्हणून कॉलेजातही तेच नाव लागलेलं. आधारकार्ड, रेशनकार्ड सगळं सासरच्या नावाचं. दोन्ही नावं एकाच बाईची, याचा कागद हवा. मार्ग दोन होते. प्रतिज्ञापत्र करून कॉलेजातलं नाव बदलून सुहासिनी करायचं, म्हणजे पदवी त्या नावाने मिळेल. किंवा लग्नाचा दाखला आणायचा, ज्यात माहेरचं नाव असतं, म्हणजे पदवी जुन्याच नावाने मिळेल. पहिला मार्ग एका दुपारचं काम. मुलगा पुण्याहून म्हणाला, तेच कर. मुलगी म्हणाली, तेच कर. मीही तेच म्हणालो.

वयनी म्हणाल्या, "नको."

एरवी कारणं सांगताना न थकणारी बाई, आणि इथे नुसतं नको. परत येताना मी स्कूटरवर न राहवून विचारलं. मग त्या म्हणाल्या, "सदा, सर रोज हजेरी घेतत. शेवंती म्हणतत. मी हजर म्हणतंय."

"बरं मग?"

"आवय मेली तेच्यानंतर ता नांव कोणी घेवक नाय. पाळयेक आमचो वाडो खाणीत गेलो. शेजारी खंय खंय पांगले. भावस गेलो. आता माका शेवंती म्हणपी एकलो माणूस उरूक नाय. मीच माझा नांव मोठ्यान घेवलंय तर लोक पिशी म्हणतले. तीन वर्सां रोज सकाळी कोण तरी माका हाक मारी होतो रे. तापान फणफणतानाय मी गेलंय ता तेच्यासाठी." मग म्हणाल्या, "बारावी पास झालेला चेडू शेवंती. फुडे शिकपाचा होता, ता तेका. डिग्री तेचीच."

मी समोरच्या रस्त्याकडे पाहत स्कूटर चालवत राहिलो. तीन वर्षं ही बाई माझ्या मागे बसून जगाचा इतिहास सांगत होती आणि एवढी एकटी होती.

मग आपांना घेऊन आम्ही लग्नाचा दाखला काढायला नोंदणी कचेरीत गेलो आणि नवंच प्रकरण निघालं. गोव्यात लग्न सरकारदरबारी पक्कं व्हायला दोन सह्या लागतात. आधी एक सही, मग काही दिवसांनी दुसरी. ही दुसरी सही झाली नाही तर देवळात अक्षता पडोत की गावजेवण होवो, कायद्याच्या लेखी लग्न नाही. आपा-वयनींनी पहिली सही केली, मग थाटात लग्न झालं, आणि दुसऱ्या सहीच्या दिवशी आपांची काजूच्या फेणीची भट्टी लागलेली. भट्टी पेटली की सोडून जाता येत नाही. उद्या जाऊ म्हणाले. तो उद्या राहून गेला तो गेलाच.

"म्हणजे कायद्यान तुमचा लगीन झालाच नाय," तिथला कारकून म्हणाला.

वयनी इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसावं लागलं. "म्हणजे सरकारात मी अजून शेवंतीच!" आपांच्या तोंडचा हूं मात्र तिथल्या तिथे विरला.

आता सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं. नव्याने पहिली सही झाली. आपा आले, सही केली, गेले. पण बातमी वाड्यावर पोचली, आणि ही बातमी पहिल्या दर्जाच्या साधनाची होती, कारण साक्षीदार म्हणून मीच सही केली होती. मग काय विचारता! "आपा, हळद केदना?" "आपा, मांडव घालूक येव?" "जावयाक आमंत्रण दिलास मां?" पोदेरानेसुद्धा एक पाव जास्त दिला आणि वरात कधी म्हणून विचारलं. आपा सकाळी बागेत जायचे ते अंधार पडल्यावर परत यायचे. दुसऱ्या सहीचा दिवस जवळ आला तेव्हा ते वयनींना म्हणाले, "ऱ्हवांदे. लोक हसतत. सुहासिनी काय वायट नांव असा?"

त्यांच्या मानाने हे मोठं भाषणच. वयनींनी ऐकून घेतलं. मला दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "तो येवचो नाय. आनी मी तेका ओढून हाडूचंय नाय. सही मनान करूक होयी. नाय तर ऱ्हवली डिग्री."

सहीच्या दिवशी मी रजा टाकली होती. वयनी कॉलेजच्याच सुती साडीत स्कूटरवर बसल्या. रस्ताभर एकही साम्राज्य बुडलं नाही. मी मनातल्या मनात आपांवर भयंकर चिडलो होतो.

कचेरीच्या व्हरांड्यात पोचलो तर बाकावर आपा. पहिल्या बसने आलेले. मुलीच्या लग्नात शिवलेला शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले, आणि अंगाला तरीही काजूच्या बोंडांचा वास. आमच्याकडे पाहून म्हणाले, "हूं." वयनी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

आत अधिकारी म्हणून एक तरुण मुलगी होती. तिच्यापुढे कागद होतेच, पण रीत म्हणून तिने विचारलं, "नवऱ्याचं नाव?" आपांनी सांगितलं. "नवरीचं नाव?"

वयनींनी तोंड उघडलं, तेवढ्यात आपा खणखणीत आवाजात म्हणाले, "शेवंती."

आणि थांबले नाहीत. "पाळयेची शेवंती. लगीन ठरूच्या आदी मी हिका शिरगावच्या जत्रेत बघलंय. गर्देंत चुकली होती. हिचो बापूस हाका मारी होतो, शेवंती, शेवंती म्हणान. माका नांव खूब बरां दिसला. सुहासिनी माझ्या आतेन सांगलान. मी नुसता तांदळार लिवलंय."

ह्यातलं काहीही त्या मुलीने विचारलं नव्हतं. ती लिहायची थांबली होती. मी आपांना इतकी वर्षं ओळखतो, पण एवढी वाक्यं त्यांच्या तोंडून मी सलग कधी ऐकली नव्हती. वयनींनी सही केली. मग आपांनी केली, मग मी केली. मुलगी म्हणाली, "झालं. अभिनंदन."

बाहेर आलो. व्हरांड्याच्या पायरीवर वयनी थांबल्या.

"तुका नांव याद होता?"

"हूं."

"मगे इतक्या वर्सांत एकदा तरी हाक मारूची नाय?"

आपा चपलेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माका वाटला, तू विसारलंस."

वयनी त्यांच्याकडे पाहत होत्या. रस्त्यावरून एक खनिजाचा ट्रक धडधडत गेला, तो जाईपर्यंत त्या थांबल्या.

"माका वाटला, तू," त्या म्हणाल्या.

मी स्कूटर काढली आणि वयनींचं हेल्मेट पुढे केलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. दोघंजणं बसस्टँडकडे चालू लागली होती.